अभंग कुणाचे? ख्रिस्ती श्रद्धा आणि मराठी निर्मिती



‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली असेल. जखमी पक्षीण, तिची घरट्यातली पिल्लं, आणि प्राण जात असतानाही पिल्लांपर्यंत पोहोचण्याची तिची धडपड. कविता म्हणता म्हणता वर्ग शांत होतो, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आहे. या कवितेच्या कवीचं पूर्ण नाव आहे रेव्हरंड नारायण वामन टिळक. आपण ‘ना. वा. टिळक’ असं फळ्यावर लिहितो, लोकमान्य टिळक वेगळे आणि हे टिळक वेगळे हे मुलांना सांगतो, आणि ‘रेव्हरंड’ हा शब्द ओलांडून पुढे जातो. कधी वेळ नसतो म्हणून, कधी ‘कशाला उगाच धर्माचा विषय’ म्हणून.

आजच्या लेखात आपण त्या ओलांडलेल्या शब्दापाशी थांबणार आहोत. ‘रेव्हरंड’ म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या नावाआधी लावायची आदरार्थी पदवी. म्हणजे हा कवी ख्रिस्ती होता. आणि तरी त्याने अभंग लिहिले, कीर्तनं केली, ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतलं. हे कसं काय? माणसाची श्रद्धा बदलली की त्याच्या निर्मितीत काय बदलतं आणि काय तसंच राहतं? हा प्रश्न मोठा आहे, पण सातवी-आठवीतल्या मुलालाही समजेल असा आहे. आपण तो पायरी पायरीने पाहू.

आपल्या मुलांच्या कानात आधीच काय असतं?

सुरुवात आपल्या गावापासून करू. पोखर्णी म्हटलं की परभणी जिल्ह्यात कुणालाही पहिल्यांदा नृसिंहाचं मंदिर आठवतं. रेल्वे स्टेशनाच्या नावातसुद्धा नृसिंह आहे. याच परभणी-परळी मार्गावर पुढे गंगाखेड लागतं, ते संत जनाबाईंचं गाव. अशा भागात वाढलेल्या मुलाच्या कानावर हरिपाठ, भजन, कीर्तन हे पाठ्यपुस्तकाच्या कितीतरी आधी पडलेलं असतं. त्याच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतात. त्याला ‘छंद’ किंवा ‘वृत्त’ हे शब्द ठाऊक नसतील, पण टाळ कुठे पडतो हे बरोबर कळतं.

हे आपलं मोठं भांडवल आहे. अभंगाची रचना समजावताना मी सरळ फळ्यावर एक ओळ लिहितो. वर्गात मिळून केलेली ही ओळ बघा :

शाळेच्या अंगणी । लिंबाची सावली । मायेने लाभली । लेकरांना ॥

आता अक्षरं मोजा. पहिल्या तुकड्यात ६, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात ६ आणि चौथ्यात ४. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यात : सावली, लाभली. हा झाला मोठा अभंग. तुकाराम महाराजांच्या असंख्य अभंगांचा साचा हाच. ओवीचंही तसंच. ग्रंथातल्या ओवीला चार चरण असतात, पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक येतं आणि चौथा चरण बहुधा आखूड असतो. ज्ञानेश्वरी याच ओवीत आहे आणि एकनाथी भागवतही.

मुलांना एवढं कळलं की पुढचा प्रश्न विचारा : या साच्यात फक्त विठ्ठलाबद्दलच लिहिता येतं का? वर्गात फळ्यावर तर आपण लिंबाच्या सावलीबद्दल लिहिलं. म्हणजे साचा मराठी भाषेचा आहे, आणि ज्याला मराठी येते त्याला तो वापरता येतो. आता हाच साचा ४०० वर्षांपूर्वी कुणी वापरला ते पाहू.

इंग्लंडमधून आलेला ओवीकार

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ चा, इंग्लंडमधला. येशूसंघाचे धर्मगुरू म्हणून ते १५७९ साली गोव्यात उतरले आणि उरलेलं सगळं आयुष्य त्यांनी इकडेच काढलं. १६१९ साली त्यांचं निधन झालं. साष्टी भागात काम करताना ते इथली बोली शिकले, कोकणीचं व्याकरण लिहिलं, आणि मराठीतले पुराणग्रंथ अभ्यासले.

आपल्या मराठवाड्याच्या दृष्टीने एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. स्टीफन्स गोव्यात आले तेव्हा पैठणला संत एकनाथ हयात होते. नाथांचं निधन १५९९ चं. एकाच काळात गोदाकाठी नाथ ओवी लिहीत होते आणि गोव्यात एक इंग्रज पाद्री ओवी शिकत होता. इतिहासाच्या तासाला कालरेषा काढत असाल तर ही दोन नावं एकाखाली एक लिहा. मुलांना गंमत वाटते.

स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातल्या रायतूर येथे छापलं गेलं. त्यात जवळजवळ ११,००० ओव्या आहेत. दोन भाग आहेत : पहिल्या पुराणात बायबलच्या जुन्या करारातल्या कथा, दुसऱ्यात येशूचं चरित्र. छापून प्रसिद्ध झालेल्या मराठीतल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी हे एक. पण छापलं रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तेव्हा तिथे उपलब्ध नव्हते. ग्रंथात मराठी भाषेची स्तुती करणाऱ्या ओव्या आहेत, आणि त्या तर मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात आपण हमखास ऐकतो. रत्न, फूल, कस्तुरी, मोर अशा उपमा देऊन त्यांनी मराठीला मानाचं स्थान दिलं आहे. ओव्या म्हणणाऱ्या मुलाला त्या कुणाच्या आहेत हे मात्र बहुतेक वेळा सांगितलेलं नसतं.

इथे शिक्षक म्हणून आपण गोष्टीची दुसरी बाजूही लपवू नये. त्या काळी गोव्यात पोर्तुगीज सत्ता होती. देवळं पाडली गेली, जुने धर्मग्रंथ काढून घेतले गेले, नष्ट केले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांचे कान पुराणश्रवणाला सरावलेले होते आणि ती पुराणं आता नव्हती. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच असा प्रसंग येतो की एक श्रोता पाद्रींना म्हणतो, आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, तर मग तशीच काही आम्हाला करून द्या. म्हणजे हा ग्रंथ एका पोकळीतून जन्माला आला. ती पोकळी सत्तेने निर्माण केली होती, आणि ती भरून काढताना कवीने लोकांच्या तोंडचा साचा उचलला. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरला. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांच्या वापरावरच बंदी आणणारा हुकूम काढला. ज्या सत्तेच्या आश्रयाने ग्रंथ छापला गेला, तीच सत्ता पुढे त्याच्या भाषेवर उठली. पहिल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे ग्रंथ टिकला, आणि १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला.

एकोणिसावं शतक : छापखाना, कादंबरी आणि सोपी भाषा

पुढचा टप्पा इंग्रजी अमदानीतला. १८४२ साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिक सुरू झालं. आपल्या मराठवाड्यात, जालन्याजवळ, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत वसवली. याच शतकात बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं. साल १८५७. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. विषय काय होता? विधवांची दुःखं. नव्या श्रद्धेने लेखकाला एक नवी नजर दिली होती, आणि त्या नजरेने त्याने आपल्याच समाजातलं दुःख पाहिलं. कादंबरीत उपदेश भरपूर आहे, हेही खरं. पण मराठीत लांब गद्य कथा सामाजिक प्रश्नावर लिहिता येते, हे त्यातून दिसलं.

पंडिता रमाबाईंचं (१८५८–१९२२) उदाहरण आणखी वेगळं. संस्कृत पुराणं मुखोद्गत असलेली ही विदुषी. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रियांना त्यांनी आश्रय दिला. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल मराठीत आणलं, तेही सोप्या मराठीत. एवढं संस्कृत येणाऱ्या बाईने अवघड संस्कृत शब्द जाणूनबुजून टाळले, कारण वाचणारी खेड्यातली कमी शिकलेली बाई त्यांच्या डोळ्यांसमोर होती. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं मुक्तीतल्या स्त्रियांनी शिकून घेतली. रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ साली, हे बायबल केडगावहून प्रसिद्ध झालं. ‘आपण कुणासाठी लिहितो?’ हा प्रश्न निबंधलेखन शिकवताना आपण मुलांना विचारतो ना? रमाबाईंनी त्याचं उत्तर प्रत्येक शब्द निवडताना दिलं.

टिळक : श्रद्धेची किंमत

आता पुन्हा ‘रेव्हरंड’ टिळकांकडे येऊ. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण कुटुंब, संस्कृतचा व्यासंग, कीर्तनाची आवड. रेल्वेच्या एका प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ वाचायला दिला. त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या मनात घर करून बसलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

मुलांना हे सांगताना ‘मग त्यांनी धर्म बदलला’ एवढ्या वाक्यावर थांबू नका. त्याची किंमत काय पडली ते सांगा. नातेवाईक तुटले, जात तुटली. पत्नी लक्ष्मीबाई, अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या. त्या नवऱ्यापासून जवळजवळ पाच वर्षं दूर राहिल्या. त्यातला काही काळ त्या पंढरपुरात होत्या. त्या काळात दोघंही एकमेकांसाठी झुरत होते, आणि दोघंही आपापल्या जागी ठाम होते.

आता निर्मितीकडे या. धर्म बदलल्यावर टिळकांनी इंग्रजी धर्तीची गाणी लिहिली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. मिशनच्या चर्चमध्ये तेव्हा पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं गायली जात होती. मराठी शब्द ओढूनताणून परक्या चालीत कोंबले की काय होतं, हे आपण स्नेहसंमेलनात पाहतोच! टिळकांना ते पटेना. त्यांनी अभंग लिहिले, पदं लिहिली, टाळ-मृदंगावर म्हणता येतील अशी भजनं लिहिली. ख्रिस्ती कीर्तनं केली. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा अर्थाचं ते सांगत. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची अनेक गीतं आजही आहेत आणि रविवारच्या उपासनेत ती गायली जातात.

शेवटी शेवटी तर ते मिशनच्या चाकोरीतूनही बाहेर पडले. १९१७ साली पगारी नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा असावी, ही त्यांची कल्पना. १९१९ साली ते गेले. म्हणजे बघा, आधी ते जातीच्या चौकटीतून बाहेर पडले, आणि मग नव्या घरातल्या चौकटीतूनही. आयुष्यभर सोबत राहिली ती मराठी कविता.

टिळकांच्या घराने आणखी एक काम केलं. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात एका कोवळ्या मुलाने आपल्या कवितेने सगळ्यांना चकित केलं. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी. पुढे हा मुलगा अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिला. टिळक-दाम्पत्याने त्याला घरच्या लेकरासारखं वागवलं. ‘औदुंबर’ आणि ‘फुलराणी’ शिकवताना ही गोष्ट जरूर सांगा. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, टिळकांनी त्यांची कविता फुलू दिली.

लक्ष्मीबाई : श्रद्धा सांगायची कशी?

माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा पाठ लक्ष्मीबाईंकडे आहे. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. शाळा नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून, तीही रडतखडत. माहेरी सोवळ्याचा इतका अतिरेक की घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे. अशा घरातली मुलगी पुढे जातीपातीचा विचार स्वतःच्या डोक्याने करू लागते. माणसामाणसांत वरचा-खालचा हा भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न तिला पडतो. उत्तर सापडल्यावर ती कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागते. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला, नवऱ्याने सांगितलं म्हणून नव्हे, स्वतःला पटल्यावर.

या बाईने उतारवयात ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ ते १९३६ या काळात ती भागाभागांनी प्रसिद्ध झाली, आणि १९३६ सालीच लक्ष्मीबाई गेल्या. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांची कुणीही यादी केली तरी हे पुस्तक त्यात असतंच. विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला, सुहास जोशी यांनी त्यात लक्ष्मीबाई साकारल्या.

याच लक्ष्मीबाईंनी दुसरं एक प्रचंड काम केलं. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचं ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतलं होतं. सुरुवातीचे काही अध्याय झाले आणि ते वारले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. जिला शाळा मिळाली नाही, तिने महाकाव्य पुढे नेलं!

आता एक प्रश्न स्वतःलाच विचारा. ‘ख्रिस्तायन’ आज किती जण वाचतात? फारच थोडे. ‘स्मृतिचित्रे’ मात्र ज्यांचा ख्रिस्ती धर्माशी काही संबंध नाही तेही हसत-रडत वाचतात. लेखिका एकच, श्रद्धा एकच. मग फरक कुठे पडला?

मला वाटतं, फरक सांगण्याच्या पद्धतीत आहे. ‘ख्रिस्तायना’त माहीत असलेली पवित्र कथा आदराने सांगायची आहे. तिथे लेखिकेला मोकळीक कमी. ‘स्मृतिचित्रां’त लक्ष्मीबाई कुणालाच पटवायला बसलेल्या नाहीत. नवऱ्याचा विसरभोळेपणा, घरात पैसा नसताना भलत्याच गोष्टीवर केलेला खर्च, भांडणं, रुसवे, त्याने न विचारता आयुष्याची केलेली उलथापालथ, सगळं त्या सांगतात. स्वतःचा हट्ट आणि भोळेपणाही सांगतात. श्रद्धा आहे, पण ती वागण्यातून दिसते, निवडीतून दिसते. वाचणाऱ्याला आपण उपदेश ऐकतोय असं वाटत नाही. म्हणून वाचणारा कुठल्याही धर्माचा असो, तो त्या घरात जाऊन बसतो.

यातून श्रद्धा आणि निर्मिती यांच्याविषयी एक गोष्ट हाती लागते. श्रद्धा माणसाला लिहायला बळ देते, कष्ट सोसायला लावते, नवी नजर देते. पण श्रद्धा खरी आहे म्हणून कविता आपोआप चांगली होत नाही. तिला शब्द, लय, निरीक्षण आणि प्रामाणिकपणा यांची जोड लागतेच. हे कुठल्याही धर्माच्या लेखनाला लागू आहे. देवावर लिहिलेली प्रत्येक आरती सुंदर नसते, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

रंगांतलं उदाहरण

चित्रकलेच्या शिक्षकांसाठी एक नाव सुचवतो : अँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७). गोव्याचे चित्रकार. मुंबईच्या जे. जे. मध्ये गेले, मग शांतिनिकेतनला अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या छायेत शिकले. त्यांनी माता मरिया काढली ती साडीतली, इथल्या बाईच्या चेहऱ्याची. गोव्यात त्यावर टीका झाली. मरियेचं रूप युरोपातल्या चित्रांसारखंच हवं, असा पुष्कळांचा समज होता. फोन्सेका पुण्यातल्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात येऊन राहिले आणि तिथे चित्रं काढत राहिले. खरं तर येशूची आई पश्चिम आशियातली होती. युरोपच्या चित्रकारांनी तिला आपल्याकडच्या बाईसारखं रंगवलं, तसंच फोन्सेकांनी तिला आपल्याकडच्या बाईसारखं रंगवलं. टिळकांनी अभंगाने जे केलं तेच हे, फक्त रंगांत.

अभंग कुणाचे?

हा पाठ घेताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो : “गुरुजी, मग टिळकांचे अभंग आपले की त्यांचे?”

प्रश्नातला ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ हा भाग नीट ऐका. मूल ते घरातून, गल्लीतून घेऊन आलेलं असतं. त्यात त्याचा दोष नाही. पण त्याच वर्गात एखादं ख्रिस्ती कुटुंबातलं मूल बसलेलं असेल तर तो शब्द त्याला काय सांगतो याचा विचार करा. त्याची आई घरात मराठीच बोलते, आजी मराठीतच प्रार्थना करते. आणि वर्गात त्याला कळतं की मराठी ‘आपल्यां’ची आहे आणि तो ‘त्यांच्या’तला आहे. ‘रेव्हरंड’ हा शब्द आपण ओलांडतो तेव्हा आपल्याला वाटतं की वाद टाळला. प्रत्यक्षात त्या मुलाला स्वतःचं नाव दिसू शकलं असतं अशी एक जागा आपण पुसलेली असते.

हा प्रश्न फक्त मुलांचा नाही. जानेवारी २०२० मध्ये आपल्याच मराठवाड्यात, उस्मानाबादला (आताचं धाराशिव), ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, वसईच्या हिरवाईसाठी लढलेले कार्यकर्ते, ‘सुबोध बायबल’चे कर्ते. तरी त्यांची निवड झाल्यावर, एक धर्मगुरू अध्यक्ष कसा, असा आक्षेप काहींनी घेतला. संमेलन झालं, फादर अध्यक्षपदावरून बोललेही. २०२४ साली ते गेले. पण ख्रिस्तपुराणाला ४०० वर्षं होऊन गेल्यावरही ‘आपले की त्यांचे’ हा प्रश्न मोठ्या माणसांनीही विचारला, हे विसरता येत नाही.

माझं उत्तर मी मुलांना असं देतो : अभंगातली श्रद्धा टिळकांची. अभंगाचा साचा तुकोबांकडून आलेला. आणि वाचणारा तू आहेस, म्हणून कविता तुझीसुद्धा.

वर्गात घेताना

काही शिक्षकांना भीती वाटते, पालक काय म्हणतील? ती भीती अगदीच निराधार नाही. म्हणून काही गोष्टी स्पष्ट ठेवाव्यात.

१. श्रद्धेची माहिती देणं वेगळं आणि श्रद्धा शिकवणं वेगळं. राज्यघटनेच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. कवी कोणत्या श्रद्धेचा होता आणि त्याचा त्याच्या कवितेवर काय परिणाम झाला, हे सांगणं मात्र साहित्याचं शिक्षण आहे. जनाबाई शिकवताना आपण विठ्ठलभक्ती टाळत नाही. टिळक शिकवतानाही तोच न्याय लावावा.

२. मोजमापाने सुरुवात करा. आधी अभंगाची अक्षरं मोजून घ्या, यमक शोधून घ्या, मग कवीचं चरित्र सांगा. मुलाने साचा स्वतः ओळखलेला असला की कवी परका वाटत नाही.

३. चांगली आणि अवघड, दोन्ही बाजू सांगा. गोव्यात काय मोडलं गेलं ते सांगा, काय घडलं तेही सांगा. टिळकांची कविता सांगा, आणि त्यांच्या निर्णयाने लक्ष्मीबाईंवर काय ओढवलं तेही सांगा. नुसतं कौतुक किंवा नुसती टीका केली की मूल विचार करणं थांबवतं.

४. उपक्रम द्या. लहान वर्गांना : घरी आजीकडून जात्यावरच्या तीन ओव्या ऐकून लिहून आणा. मधल्या वर्गांना : आपल्या शाळेवर ६-६-६-४ अक्षरांचा एक अभंग रचा. मोठ्या वर्गांना : पाच वर्षांच्या दुराव्यात लक्ष्मीबाईंनी टिळकांना लिहिलेलं पत्र कसं असेल, ते कल्पनेने लिहा. ज्या कुटुंबात ख्रिस्ती गीतं म्हणतात तिथल्या मुलाला एखादं मराठी गीत ऐकवायचं असेल तर जरूर संधी द्या, पण त्याच्यावर ते लादू नका. एकट्या मुलाला धर्माचा प्रतिनिधी करून वर्गापुढे उभं करणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

पालकांसाठी एक सूचना. घरात ‘स्मृतिचित्रे’ असेल तर रात्री जेवणानंतर दोन-तीन पानं मोठ्याने वाचा. नसेल तर शाळेच्या किंवा सार्वजनिक वाचनालयात मागा. भाषा बोलण्यासारखी आहे, मुलं पहिल्याच बैठकीत हसतात. वाचताना एखादं अवघड वळण आलं, मूल म्हणालं, “त्या नवऱ्याकडे परत का गेल्या?” किंवा “टिळकांनी बायकोला आधी विचारलं का नाही?”, तर लगेच उत्तर देऊ नका. त्यालाच विचारा, तुला काय वाटतं? पुस्तकात पुढे उत्तर आहे, आणि ते एका ओळीत मावणारं नाही.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी रचलेले अभंग आणि त्यांना पडलेले प्रश्न जरूर कळवा. निवडक रचना पुढच्या लेखात मुलांच्या वर्गासह देऊ.